बिनाकाका

भाईंदर पूर्वेला, नवघर रोडवरच्या आमच्या सोसायटीत बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर जे गृहस्थ राहतात, त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आणि मेंटेनन्सच्या पावतीवर आहे. बाकी सगळीकडे ते बिनाकाका. बिनाका गीतमालेतला बिनाका, पुढे काका. जोडताना मधला एक 'का' कुणाच्या तरी घाईत गळला, तो परत कुणी लावला नाही.

त्यांना गाण्यांचं वेड आहे असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. वेड असलेला माणूस निदान गाणं ऐकतो. बिनाकाकांच्या समोर गाणं सुरू झालं, मुखडा अर्धा आला, की ते डोळे मिटतात, ट्रॅफिक हवालदारासारखा उजवा हात वर करतात आणि म्हणतात, "थांब." गाणं थांबत नाही, आपण थांबतो. मग "हे गाणं लागलं ना, की मला..." अशी सुरुवात होते आणि आठवण संपेपर्यंत रेडिओवर पुढच्याच्या पुढचं गाणं चालू असतं. गेल्या बारा वर्षांत त्यांच्या संगतीत मी काही शे मुखडे ऐकले असतील. अंतरा एकही नाही.

त्यांच्या आयुष्यात तारखा नाहीत, गाणी आहेत. जन्मापासूनच. आईचं माहेर पुण्याचं, पहिलं बाळंतपण माहेरी. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, गदिमा आणि बाबूजींचं, वर्षभर, दर आठवड्याला एक नवं गीत. आई सांगायची, राम वनवासाला निघाला त्या आठवड्यात तू झालास. म्हणजे श्रावण. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी रिवाजाप्रमाणे १ जून लावून टाकला. हे दुःख त्यांनी उभी नोकरी मंत्रालयात बाळगलं. "अरे, एक जूनला तर विश्वामित्र त्राटिकेपाशी पोचत होते! रामाचं लग्न नाही, वनवास नाही, मी जन्मेन कसा?" पुढे नियमाप्रमाणे ३१ मे २०१३ ला ते रिटायर झाले. निरोपसमारंभात भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, त्राटिकेमुळे माझा दोन महिन्यांचा पगार बुडाला. साहेबांना वाटलं, हे काकूंबद्दल आहे.

लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथे त्यांचं हाडवैर एकाच माणसाशी, ज्याला त्यांनी जन्मात पाहिलं नाही: नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. १९५२ साली मंत्री झाल्यावर केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेमाच्या गाण्यांची हकालपट्टी केली. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं असा त्यांचा सद्हेतू. लोकांनी रेडिओचा काटा फिरवला तो थेट सिलोनवर. तिथे त्याच १९५२ सालापासून दर बुधवारी रात्री आठला अमीन सयानी बिनाका टूथपेस्टच्या खर्चाने गाणी ऐकवत होते. पुढे १९५७ मध्ये आकाशवाणीने विविध भारती काढून माघार घेतली, पण तोवर बुधवार सिलोनच्या नावावर झाला होता. "आणि करणारा कोण? आपला मराठी माणूस!" हे वाक्य बिनाकाका अजूनही अशा आवाजात म्हणतात की केसकर खालच्या मजल्यावर राहत असावेत.

अख्ख्या मजल्यात रेडिओ एक, तोही शेवटच्या खोलीत. कॉमन गॅलरीत पोरं ओळीने बसायची. बिनाकाकांच्या मांडीवर दोनशेपानी वही. कुठलं गाणं कुठल्या पायदानावर चढलं, कुठलं घसरलं, शेवटी बिगुल वाजून सरताज कोण झालं, सगळी नोंद. समासात घरगुती बातम्या: 'ताईला टायफॉइड', 'रॉकेल नाही', 'गणितात ३१'. इतिहास लिहायची ही पद्धत मला तरी वाईट वाटत नाही. गफलत एवढीच झाली की १९८५ साली पागडीची खोली सोडून भाईंदरला वन रूम किचन घेतलं, त्या सामानाच्या बांधाबांधीत वह्या रद्दीत गेल्या. तेव्हापासून सगळा कारभार तोंडी.

भाईंदरचा इतिहासही त्यांच्याकडे याच मापात आहे. नगरपालिका झाली ते 'राम तेरी गंगा मैली'चं साल. आजूबाजूला मिठागरं, डास, नळ कोरडा. बादल्या घेऊन टँकरच्या रांगेत उभं राहायचं आणि कोपऱ्यावरच्या लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकरवर गंगा दुथडी भरून वाहतेय. २००२ मध्ये महानगरपालिका झाली, ते 'देवदास'चं साल. २६ जुलै २००५ ला अंधेरीहून रुळांवरून कंबरभर पाण्यातून चालत आले, ते 'बंटी और बबली'चं. कॉलेजात इंटरला दोनदा आपटले त्याचं खापर 'बॉबी'वर: "आख्खं गाव त्या खोलीत कोंडून घेण्याच्या गाण्यावर खूश होतं. मी दोन वर्षं त्याच वर्गात कोंडलेला. चावी खरोखरच सापडत नव्हती." मात्र थोरल्या मुलाची जन्मतारीख विचारली तर ते काकूंकडे बघतात.

गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत कराओके ठेवला होता. आमच्याकडे हल्ली कराओके फार बोकाळलाय. ज्याच्या घरी ब्लूटूथ माईक, तो गायक. बिनाकाकांनी 'आराधना'तलं जीपचं गाणं घेतलं. ट्रॅक सुरू झाला. माऊथ ऑर्गनच्या पहिल्या सुरालाच उजवा हात वर. "थांबा. हे गाणं लागलं ना, की मला ठाकूरद्वार आठवतं. राजेश खन्ना म्हणजे आमच्या ठाकूरद्वारचा पोरगा..." पडद्यावर ओळी येत होत्या, पांढरी अक्षरं डावीकडून उजवीकडे निळी होत होती, जात होती. जीप धावली, दार्जिलिंगची छोटी गाडी धावली, शर्मिला पुस्तकाआडून बघून झाली. बिनाकाका अजून ठाकूरद्वारच्या नाक्यावरच. ट्रॅक संपला. यंत्राने आपणहून ब्याऐंशी मार्क दिले. खाली उतरल्यावर घाम पुसत मला म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात जरा श्वास कमी पडला, नाही?"

मग मुलाने त्यांना कारवान आणून दिला. जुन्या ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा तो डबा २०१७ मध्ये बाजारात आला, आत पाच हजार गाणी भरलेली. सोसायटीत घबराट उडाली. आमचे सेक्रेटरी सीए आहेत. त्यांनी लिफ्टसमोर उभ्या-उभ्या हिशेब मांडला: एका आठवणीला सरासरी बारा मिनिटं, म्हणजे साठ हजार मिनिटं, म्हणजे एक हजार तास, जेवणखाण, झोप सोडली तर जवळजवळ बेचाळीस दिवस अखंड. दुसऱ्या दिवसापासून बी विंगची माणसं जिन्याने दबक्या पावलांनी जाऊ लागली.

मी मात्र सापडलो. रविवारची सकाळ होती. काकू जमिनीवर पेपर पसरून गवार निवडत बसल्या होत्या. शेंगेचं टोक मोडायचं, दोर ओढायची, दोन तुकडे, पातेल्यात टप. नातू सोफ्यावर फोनमध्ये. कारवानवर 'सिलसिला'तलं गाणं लागलं आणि हात वर गेला.

"थांब. हे गाणं लागलं ना, की हिला पाहायला गेलो तो दिवस आठवतो. ऐंशी सालची दिवाळी नुकतीच झालेली. पोह्यांची बशी माझ्या हातात, आणि शेजारच्या खोलीतून हे गाणं. मनात म्हटलं, हीच."

"आजोबा," नातू मान वर न करता म्हणाला, "सिलसिला १९८१ चा आहे. चौदा ऑगस्ट."

"रेकॉर्ड आधी निघते. तुला काय कळतंय?"

"नऊ महिने आधी?"

बिनाकाका विचारात पडले. एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला संसार. फार वेळ लागला नाही. "मग मी हिला एक्याऐंशीत पाहिलं असेल."

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आणि ऐंशीच्या डिसेंबरात लग्न कुणाशी केलंत?"

मी चहाच्या कपात बघू लागलो.

"पिक्चर तरी कुठला निवडलाय! बायको घरी आणि हिरो दुसरीबरोबर," काकू म्हणाल्या. "रेडिओ नव्हता की काही नव्हतं. शेजारचा मुलगा पाढे म्हणत होता. एकोणतीसचे. एके, दुणे, चढत-चढत यायचा आणि 'एकोणतीस सत्ते'ला अडकायचा. की परत पहिल्यापासून. यांची आई मला विचारतेय, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, आणि माझं सगळं लक्ष तिकडे. मला येत होतं. दोनशे तीन. पण पाव्हण्यांसमोर मुलीने तोंड कसं उघडायचं? तशीच बसून राहिले, खाली मान घालून."

"मला वाटलं, तू लाजतेयस," बिनाकाका म्हणाले.

"लाजत कसली होते? घशात दोनशे तीन अडकले होते."

पातेल्यात टप, टप. बिनाकाकांचा हात वर होता तो हळूहळू खाली आला. पुढचं काही त्यांना सुचेना, नातवाला तर बोलायचंच नव्हतं. आणि त्या घरात प्रथमच गाणं पुढे सरकलं. मुखडा झाला, वाद्यं झाली आणि अंतरा आला. मी तो शेवटपर्यंत ऐकला. चांगला होता.

परवा संध्याकाळी जेसल पार्कच्या चौपाटीवरून परत येताना बी विंगखाली थांबलो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बिनाकाका दोरीवरचे कपडे काढत होते आणि 'सिलसिला'च्या चालीवर, अगदी आलाप-बिलाप घेऊन, काहीतरी गात होते. कान दिला तर एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. चाल बरी बसली होती. सत्तेपाशी आवाज अडकला. पुन्हा एकेपासून सुरुवात. पुन्हा सत्ते.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणि तिच्यावरून काकूंचा आवाज आला, "दोनशे तीन!"