वेळ सोडून सगळं

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याच्या मनोऱ्यावर घड्याळ आहे. बघायला पैसे पडत नाहीत, हाच त्याचा दोष. म्हणून हौशी मंडळी स्वित्झर्लंडातल्या कारी वुटिलाइनेन यांच्यासारख्या स्वतंत्र घड्याळजीकडं नंबर लावायची स्वप्नं बघतात. डायलचा रंग, काट्यांचा आकार गिऱ्हाइकाच्या मर्जीचा. घड्याळ मिळायची तारीख मात्र घड्याळजीच्या मर्जीची, तीही काही वर्षांनंतरची. आमच्या शिंप्याचं ‘परवा या’ उगाच बदनाम! बरं, प्रमाणित स्विस यांत्रिक घड्याळालाही दिवसाला सरासरी 4 सेकंद मागं किंवा 6 सेकंद पुढं जायची मुभा. साधं क्वार्ट्‌झ घड्याळ 15 सेकंद चुकायला महिना घेतं. पण वेळ बघायचीय कुणाला? मुहूर्त 12.35 चा, अक्षता पडणार एकला. तोवर बाही दुमडून मांडवभर फिरायला चिक्कार सवड.