गांधीनगरचा बस्ता

"अक्का, काल गांधीनगरच्या कापडपेठेत गेलतो. लेकीचा बस्ता बांधून आलो."

"कितीत पडला?"

"कोल्हापुरातल्यापेक्षा स्वस्तच की. पण आमच्या ह्यांचं ऐका! दिवसभर त्याच पेठेत घासाघीस केली आणि घरी येऊन म्हणतात, ह्या सिंधी दुकानदारांनी आपल्या पोरांना धंद्यात उभं राहू दिलं नाही."

अक्कांनी कपाळाला हात लावला. त्यांचं माहेर वळिवडं, त्यामुळं हा विषय निघाला की त्यांचा पदर आपोआप खोचला जातो.

"अगं, सिंध्यांच्या आधी तिथं पोलंडची माणसं होती. 1943 ला आली, पाचेक हजार, बहुतेक बायका नि पोरं. रशियानं घरातनं उचलून सायबेरियात नेऊन टाकलेली. तिथनं इराण, मग आपल्या वळिवड्याचा कॅम्प, म्हणजे आताचं गांधीनगर. आमची आजी कॅम्पात दूध घालायची. त्या बायकांच्या हातात रोख पैसा असायचा आणि आपापल्या बराकीत चूल. दूध, अंडी, भाजी, सगळ्याला गिऱ्हाईक. आजी खूश. पण शेजारची म्हणायची, ह्यांच्यापायी अंडं महागलं! तिच्याकडं कोंबड्या नव्हत्या ना."

मला हसू आलं. पाहुणे आले की गावात कुणाचं फावतं नि कुणाचं बोंबलतं, ते ह्या कोंबड्यांवरच ठरतं.

"मग ती पोलंडची माणसं गेली?"

"1948 पर्यंत कॅम्प उठला. एक पोरगी तेवढी कोल्हापुरातच लग्न करून राहिली. महावीर उद्यानात त्या पोलंडवाल्यांचं स्मारक आहे. 2019 ला कॅम्पातली पोरं म्हातारी होऊन परत आली, तर केवढा सत्कार! आणि त्याच बराकीत फाळणीनंतर आलेले सिंधी? त्यांना हार कोण घालणार? ते राहिले ना इथंच."

अक्कांचा हा टोला मला नेमका वाटला. जो निघून जातो त्याच्या आठवणी काढायला काही खर्च येत नाही. जो राहतो तो जागा मागतो, पाणी मागतो, शेजारी दुकान टाकतो.

"पण अक्का, जमिनीचे भाव चढले, लग्नसराईत त्या रस्त्यानं गाडी हलत नाही, हे खोटं न्हवं."

"खोटं कोण म्हणतंय? पण कोकणातनं, बेळगावाकडनं व्यापारी येतो तो कशाला? कापडालाच की. गठ्ठे उचलणारा हमाल कुठला? टेंपोवाला कुठला? काउंटरवर साडी उलगडून दाखवणारी पोरगी कुणाची? आपलीच. मालक होता आलं नाही ही सल असंल, मी नाही म्हणत नाही. पण भांडवल नि उधारीचा धंदा करायची छाती आपण किती जणांनी दाखवली?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी विषय बदलला. "जावयाचं कापड राहिलंय अजून."

"मग परवा मला घेऊन चल. कोपऱ्यावरच्या दुकानाचा मालक माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला. भाव जास्त लावला तर सरळ शिव्या घालता येतात त्याला, आणि तोबी अस्सल कोल्हापुरीत परत देतोय!"