उंटावरचे शहाणे आणि जैसलमेर

राजस्थानच्या पश्चिम टोकाला, थरच्या वाळवंटात वसलेल्या जैसलमेर या शहराची सहल मराठी मध्यमवर्गीय कुटुंबात दोनदा घडते. पहिली दिवाणखान्यात घडते, दुसरी प्रत्यक्षात. आणि या दोहोंपैकी पहिली अधिक प्रदीर्घ, अधिक वादग्रस्त व चहाच्या दृष्टीने अधिक खर्चिक असल्यामुळे स्वतंत्र अभ्यासास पात्र ठरते.

या अभ्यासाचा आरंभ तारखेपासून करावा लागतो. जैसलमेरचा पर्यटनहंगाम स्थूलमानाने ऑक्टोबर ते मार्च असा असतो, तर मराठी घराचा हंगाम शाळेचे वेळापत्रक ठरविते, आणि त्यातील मोठी सुट्टी नेमकी मे महिन्यात येते, जेव्हा तेथील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मे महिन्यात हॉटेलांचे दर कोसळतात, हा शोध प्रत्येक कुटुंबातील एक सदस्य दरवर्षी नव्याने लावतो. ज्याला मराठीत उंटावरचा शहाणा म्हणतात, म्हणजे स्वतः उंच जागी बसून भलताच सल्ला देणारा, तो हाच. त्याला चंद्रपूरकडील एखाद्या नातलगाचे अनुमोदन हटकून मिळते, कारण उन्हाचे कौतुक आपल्याला कोणी सांगू नये, अशी त्या प्रदेशाची रास्त भूमिका आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणारा मरु महोत्सव, ज्यात फेटे बांधण्याच्या व मिशांच्या स्पर्धा होतात, घरातील झुबकेदार मिशांच्या काकांना मोह घालतो खरा. परंतु दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्याने तोही बेत मागे पडतो, आणि अखेरीस ज्या आठवड्यात निम्मा भारत जैसलमेरला जातो तो नाताळचा आठवडा एकमताने मुक्रर होतो.

तारखेनंतर रेल्वे येते. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी खुले होत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. त्यामुळे लोअर बर्थ कोणाला, या प्रश्नावर भांडण्यास मिळणारा अवधी निम्म्यावर आला असला तरी भांडणाचा आवाका कमी झाल्याचे दिसत नाही.

सामानाच्या प्रकरणात वाळवंट म्हणजे उकाडा हे समीकरण मनात पक्के असल्याने सुती कपडे आधी भरले जातात. वस्तुतः कोरडी हवा व वाळू दिवसाची उष्णता धरून ठेवीत नाहीत, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा ५ अंशांच्या आसपास उतरू शकतो. हे कळताच माळ्यावरून कानटोप्या निघतात. कानटोपीच्या बाबतीत मराठी प्रवाशाचा एकमेव तुल्यबळ प्रतिस्पर्धी बंगाली प्रवासी होय, व जैसलमेरला त्याची गाठ पडणे अटळ आहे. कारण सत्यजित राय यांनी १९७४ साली ‘सोनार केल्ला’ या चित्रपटात येथील किल्ला दाखविल्यापासून बंगाली कुटुंबांना ही सहल पटवून द्यावी लागत नाही. त्यांचे नियोजन त्या चित्रपटातील गुप्तहेराने परस्पर उरकून टाकले आहे.

खाद्यपदार्थांचा विचार सर्वांत सखोल होतो. चिवडा, शंकरपाळे, दशम्या, तिळाची चटणी आणि ‘असू द्यावे’ म्हणून आणखी एक डबा, ज्यात काय आहे हे तो भरणाऱ्या व्यक्तीखेरीज कोणासही सांगता येत नाही व तो बहुधा न उघडता परत येतो. ही सर्व टिकाऊ शिदोरी ज्या प्रदेशात नेली जाते, तेथील लोक टिकाऊ अन्नाचे आचार्य आहेत. केर म्हणजे काटेरी झुडपाची हिरवी फळे आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या शेंगा. या दोन्ही वाळवून साठवितात आणि पुढे कधीही भिजवून, शिजवून त्यांची भाजी करतात. तिच्यापुढे आपला चिवडा चार दिवसांचा पाहुणा वाटतो.

शहराच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर सम येथे वाळूच्या टेकड्या आहेत, ज्यांना तिकडे धोरे म्हणतात. तेथील तंबू, सूर्यास्त आणि उंटाची फेरी यांची तरतूद काटेकोर होते, पण उंट उठतो कसा, याची चौकशी कोणीच करीत नाही. उंट आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार पुढे मानेवर झेपावतो. मग पुढचे पाय सरळ करतो, त्यामुळे तो मागे फेकला जातो. आणि या दोन हालचालींच्या मधल्या क्षणी कुटुंबप्रमुखाच्या तोंडून जे उद्गार निघतात ते मुलांनी त्यापूर्वी ऐकलेले नसतात.

शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवरील कुलधरा हे ओसाड गाव नियोजकांना विशेष खिजविणारे आहे. दंतकथा सांगते की, दिवाण सालिम सिंग याच्या जाचाला कंटाळून पालीवाल ब्राह्मणांची ८४ गावे एका रात्रीत उठून निघून गेली. व्हॉट्सॲपचा गट नसताना ८४ गावे एका रात्रीत हलली आणि गट असूनही सातजणांना पहाटेच्या गाडीसाठी घराबाहेर काढता येत नाही, हा विरोधाभास चिंतनीय आहे. या पालीवालांची खरी हुशारी मात्र खडीन पद्धतीत होती: उताराच्या पायथ्याशी लांब मातीचा बांध घालून पावसाचे वाहते पाणी अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. गडीसर तलावही असाच. चौदाव्या शतकातील या तलावाने शहराची तहान कित्येक शतके भागविली. ज्या शहराने पाण्याचे इतके नियोजन केले, तेथे जाणाऱ्यांच्या यादीत पाणी ‘बाटल्या वाटेत घेऊ’ एवढ्या एका ओळीत आटोपते, हे नोंदवावे लागेल.

राहता राहिला किल्ला. रावळ जैसल या भाटी राजपूत राजाने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर उभारलेला, पिवळ्या वालुकाश्माचा, ९९ बुरुजांचा हा दुर्ग २०१३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मराठी मनातील किल्ला म्हणजे दमछाक, टाके आणि पिठलेभाकरी. म्हणून चढायला किती वेळ लागेल, हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी काळजीने विचारतात. या किल्ल्यात मात्र आजही हजारो लोक राहतात, वाण्याचे दुकान आहे, जैन मंदिरे आहेत आणि गच्चीवर न्याहारी देणारी हॉटेलेही आहेत. त्यामुळे ‘राहायचे तर किल्ल्यातच’ असा ठराव चर्चेअंती मंजूर होतो. हा ठराव मागे घ्यावा. किल्ला बांधला तेव्हा नळ नव्हते. पुढे नळ आले, पाहुणे आले, त्यांच्या आंघोळी आल्या, आणि पायाखालच्या मातकट थरांत पाणी मुरून काही बुरूज ढासळले. दिवसभर किल्ला मनसोक्त पाहावा, पण खोली खालच्या शहरात घ्यावी आणि आंघोळही तिथेच करावी.