अडीच रुपयांचा लोचा

सुरतेत लोचो मिळतो. खमण करताना कुणाचं तरी प्रमाण चुकलं, फुगायचं ते सैल पडलं, आणि त्या बहाद्दराने ते फेकून न देता वर तेल, शेव, कांदा टाकून विकलं, अशी त्याची जन्मकथा इथे सांगतात. लोचो म्हणजे गुजरातीत घोटाळाच. बिघडलेला माल त्याच नावाने विकून लोकांना रांगेत उभं करणारं हे शहर. त्यामुळे माझा भाचा अ‍ॅप बनवण्याच्या धंद्यात पडला तेव्हा मला काळजी वाटली नाही. उलट वाटलं, पोरगं योग्य गावात आहे.

भाच्याला पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते रिंग रोडवरच्या एका साडीवाल्या शेठचं. काम साधं. लिंबायत, डिंडोलीकडच्या बायका घरी बसून भरतकामाच्या साड्यांचे धागे कापतात. त्यात आमच्या खानदेशातून आलेल्या पुष्कळ, आणि भाच्याची आई, म्हणजे माझी आक्का, त्यांची म्होरकी. कोणी किती साड्या नेल्या, किती परत केल्या, साडीमागे अडीच रुपयांप्रमाणे किती झाले, हे अ‍ॅपने सांगायचं. आधी ते शेठचा मुनीम सांगायचा. मुनीम कधी क्रॅश झाला नाही, पण त्याची बेरीज नेहमी शेठच्या बाजूला कलायची.

भाच्याने महिनाभरात अ‍ॅप तयार केलं. ऑफिसातल्या फोनवर, ‘डीबग बिल्ड’ म्हणून, लोण्यासारखं चाललं. मग त्याने ‘रिलीज बिल्ड’ काढला, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, आणि सगळ्या बायकांच्या सगळ्या साड्यांचे मिळून शून्य रुपये झाले.

हा दोष आहे हे शेठच्या लक्षात यायला तीन दिवस लागले. मला वाटतं, त्यांना तो दोष वाटलाच नसावा.

आता डीबग आणि रिलीज हा काय प्रकार आहे, हे मी भाच्याला विचारलं. तो इंग्रजीत सुरू झाला. मी म्हटलं, उधन्याच्या लूमवाल्यांच्या भाषेत सांग. बरीच ओढाताण झाल्यावर निघालं ते असं: लूमवरून उतरलेलं कोरं कापड, ज्याला इथे ग्रे म्हणतात, ते सगळं सारखंच दिसतं. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगाला गेलं की त्यात कुठे पट्टा आहे, कुठे धागा वेगळा आहे, ते उघडं पडतं. वर ताका आखडतो तो वेगळाच. डीबग म्हणजे ग्रे. रिलीज म्हणजे मिलमधून आलेला माल. आणि आमच्या पोरांची सवय अशी, की ग्रे बघूनच गिऱ्हाइकाला फोटो पाठवायचा.

मिलमध्ये नेमकं काय होतं, तर आर-एट नावाचं एक अवजार चालतं. कोड आटोपशीर व्हावा म्हणून ते न लागणारे भाग कापून टाकतं आणि लागणाऱ्या भागांची लांबलचक नावं बदलून ए, बी, सी अशी ठेवतं. सर्व्हरकडून ‘रेट: अडीच’ असा निरोप आला. फोनमधलं अ‍ॅप ‘रेट’ नावाचा खण शोधायला लागलं. त्या खणाचं नाव मिलमध्ये ‘ए’ झालेलं. खण सापडला नाही, म्हणून अ‍ॅपने तक्रार न करता शून्य धरलं. तक्रार न करता शून्य धरणारा नोकर शेठला आवडतो, पण बायकांना कसा आवडेल? उपाय एका ओळीचा होता: या नावांना हात लावू नकोस, असं त्या अवजाराला लिहून द्यायचं. त्याला ‘कीप रूल’ म्हणतात. आपल्याकडे म्हातारी माणसं फडताळावर चिठ्ठी लावतात ना, ‘याला कुणी हात लावू नये’, तेच.

पण ती एक ओळ कुठे लिहायची हे कळायला भाच्याचे दोन दिवस गेले. मधल्या काळात अ‍ॅप आणखी एका ठिकाणी कोसळत होतं आणि त्याचा जो पंचनामा हाती आला त्यात आरोपींची नावं ए, बी, सी अशीच होती. खरी नावं कोणती हे सांगणारी एक यादी प्रत्येक रिलीजबरोबर तयार होते. मॅपिंग फाइल. प्रत्येक बिल्डची आपापली. भाच्याने घाईघाईत दुसरा बिल्ड काढला, आणि जुनी यादी त्याखाली पुसली गेली. म्हणजे ग्रामपंचायतीत मुलांची नावं बदलायची आणि जन्मनोंदीची वही रद्दीत घालायची. ‘आता जपून ठेवतो मामा,’ म्हणाला. चोरी झाल्यावर कुलूप घेतलेल्या घरात मी वाढलो आहे, त्यामुळे काही बोललो नाही.

पुढच्या वेळी शेठ म्हणाले, व्हॉट्सअ‍ॅप नको, आपलं अ‍ॅप प्ले स्टोअरवर दिसलं पाहिजे. दिसलं. शेठनी त्याचा स्क्रीनशॉट आख्ख्या मार्केटला पाठवला. लॉगिन मात्र कुणाचंच होईना.

ही भानगड ऐकण्यासारखी आहे. गूगलच्या खात्याने लॉगिन करायचं तर हे अ‍ॅप खरंच अमक्याचं आहे, याचा अंगठा गूगलकडे आधी नोंदवावा लागतो. अ‍ॅपवर ज्या किल्लीची सही असते त्या किल्लीचा तो ठसा. प्रत्येक प्रोग्रामरच्या कॉम्प्युटरवर एक डीबगची किल्ली आपोआप तयार होते, आणि तिचा पासवर्ड साऱ्या जगात एकच आहे: ‘अँड्रॉइड’. खरंच. दाराला कडी लावून कडीवरच ‘कडी अशी काढावी’ लिहिल्यासारखं. रिलीजची किल्ली वेगळी, ती ज्याची त्याने सांभाळायची. भाच्याने दोन्ही ठसे इमानदारीने नोंदवले होते. त्याला हे माहीत नव्हतं की प्ले स्टोअरवर गेलेल्या मालावरची त्याची सही उतरवून गूगल आपल्याकडच्या तिसऱ्या किल्लीने सही करतं, आणि गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये जातो तो त्या तिसऱ्या सहीचा माल. तिसरा ठसा कुणीच नोंदवला नव्हता. गूगलनेच केलेली सही गूगललाच ओळखता येईना, आणि फोनवर नुसता आकडा उमटला: १०. मामलेदार कचेरीतसुद्धा अर्ज नाकारताना एवढं कमी बोलत नाहीत.

ठसा प्ले कन्सोलमधून उचलून नोंदवला, लॉगिन सुरू झालं. या दिवसांत ऑफिसात गेलो की भाच्याच्या शेजारचा पोरगा भेटायचा. तो फ्लटरवाला, म्हणजे अ‍ॅप बनवायचं त्याचं साधन वेगळं. त्याचं अ‍ॅप रिलीजमध्ये इंटरनेटलाच लागत नव्हतं, कारण नेट वापरायची परवानगी फक्त डीबगच्या कागदात लिहिलेली, मुख्य कागदात नाही. पलीकडचा रिअ‍ॅक्ट नेटिव्हवाला. त्याचं अ‍ॅप डीबगमध्ये आपला सगळा शिधा लॅपटॉपवरच्या ‘मेट्रो’ नावाच्या प्रोग्रामकडून घेतं. लॅपटॉप मिटला की उपाशी. मी म्हटलं, बाबा, आमच्या सुरतेच्या मेट्रोचं भूमिपूजन जानेवारी २०२१ मध्ये झालं, तुमची निदान धावते तरी. कुणी हसलं नाही. त्या दिवशी शुक्रवार होता, आणि शुक्रवारी संध्याकाळी रिलीज काढू नये हा नियम त्यांनी नुकताच मोडला होता.

तर आता पैसे शून्य नव्हते, लॉगिन होत होतं, शेठ खूश. सोमवारी आक्काचा फोन आला. ‘हिशेब’चं बटण दाबलं की अ‍ॅप मिटतं. तिच्याकडेच नाही, गल्लीतल्या सात-आठ जणींकडे. मात्र दोघींकडे चालतं. शेठकडे चालतं. भाच्याकडे तर चालतंच.

‘मारा फोनमां तो चाले छे ने!’ शेठ म्हणाले. भाचा इंग्रजीत तेच म्हणाला. जगातल्या सगळ्या प्रोग्रामरांचं आणि सगळ्या शेठांचं एकमत होतं असं हे एकच वाक्य असावं. मग शंका सुरू झाल्या. फोन स्वस्तातले असतील. मेमरी भरली असेल. बायकांना वापरता येत नसेल. हा शेवटचा अंदाज भाच्याने आईच्या देखत बोलून दाखवला. त्या दिवशी त्याला भरीत-भाकरी मिळाली नाही.

रविवारी तो लॅपटॉप घेऊन लिंबायतला आला. मीही होतो. जमिनीवर साड्यांचे गठ्ठे, कापलेल्या धाग्यांचा रंगीत कचरा, मधे लॅपटॉप, आणि आक्काचा फोन वायरने त्याला जोडलेला. ‘दाब,’ तो म्हणाला. आक्काने दाबलं. अ‍ॅप मिटलं. लॅपटॉपवर लाल ओळींचा पाऊस पडला. भाचा त्यात वर गेला, खाली आला, आणि थांबला. नंबर फॉरमॅट एक्सेप्शन, फॉर इनपुट स्ट्रिंग, आणि पुढे अवतरणात दोनच रुपये पन्नास पैसे. पण मराठीत. २.५०.

‘आते काय करानं?’ आक्काने विचारलं. भाचा तोंडात बोट घालून बसला होता.

झालं होतं असं. आक्काच्या फोनची भाषा मराठी. त्या दोघी, ज्यांच्याकडे चालत होतं, त्यांच्या फोनची हिंदी. शेठची गुजराती. भाच्याची इंग्रजी, कारण मराठी आईच्या मराठी मुलाने फोन मराठीत ठेवला तर ऑफिसात काय म्हणतील? जगातल्या भाषांचे आकडे, तारखा, वार कसे लिहायचे याची एक वही युनिकोडवाले सांभाळतात, तिचं नाव सीएलडीआर. सगळे फोन तिच्यातून शिकतात. त्या वहीत हिंदीला आणि गुजरातीला आपसूक इंग्रजी आकडे दिले आहेत. मराठीला आणि नेपाळीला देवनागरी. म्हणजे एवढ्या मोठ्या हिंदीने आपले आकडे सोडले, ते आपण धरून ठेवलेत, आणि आपल्याला पत्ता नाही. अस्मितेची भाषणं देणाऱ्यांनी ही वही एकदा पाहावी. फुकट मिळते.

भाच्याचा कोड दर आधी ‘दोन दशांश’ असा सजवायचा आणि मग तीच सजवलेली अक्षरं परत वाचून गुणाकार करायचा. सजवताना फोन मराठीत सजवायचा. वाचणारा इंग्रजीशिवाय वाचत नाही. गंमत पुढे आहे. कोडच्या या जावा भाषेत पूर्णांक वाचणारा जो भाऊ आहे त्याला देवनागरी येते. ‘१२’ दिलं तर बारा समजतो. अपूर्णांक वाचणारा भाऊ मात्र ‘२.५०’ पाहून मटकन खाली बसतो. दर तीन रुपये करून पूर्णांकात ठेवला असता तर अ‍ॅप कधीच पडलं नसतं. ही बाजू मी शेठपुढे मांडली. त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

खरं म्हणजे यात रिलीजचा काही अपराध नाही. डीबग बिल्डसुद्धा आक्काच्या फोनवर असाच पडला असता. तो तिच्या फोनवर गेलाच नव्हता एवढंच. आणि ज्या ओळीत हा घोटाळा होता त्या ओळीखाली अँड्रॉइड स्टुडिओने सुरुवातीपासून पिवळा इशारा मारून ठेवला होता, की बाबा, तू भाषा न सांगता आकडा सजवतो आहेस. मी विचारलं, मग वाचलं का नाहीस? म्हणाला, ‘मामा, असे तीनशे पिवळे आहेत.’

लिपीने फोन पाडल्याची ही पहिली वेळ नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतल्या एका जोडाक्षराने भल्याभल्यांचे आयफोन झोपवले होते. निरोपात ते अक्षर आलं की अ‍ॅप बंद. अक्षर कोणतं, तर आपल्या ‘ज्ञा’चं तेलुगू भावंड. ज्ञान झेपलं नाही म्हणून फोन पडला, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. पण अ‍ॅपलने त्यासाठी काही दिवसांत खास सुधारणा काढली, कारण तो निरोप इंग्रजीवाल्यांचेही फोन पाडत होता. आक्काचा आकडा फक्त आक्काला पाडतो. प्ले स्टोअर एखाद्या अ‍ॅपला वाईट चालीचं ठरवतं ते रोजच्या वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्क्यांपेक्षा जास्त जणांसमोर ते कोसळलं तर. एखाद्या बड्या अ‍ॅपचे मराठीत फोन ठेवणारे शंभरात एकच असतील, तर ते सगळेच्या सगळे रोज आपटले तरी त्या अ‍ॅपची चाल चांगलीच.

शेठनी अर्थात सोपा उपाय सुचवला होता: बायकांना सांगा, फोन हिंदी करा. भाच्याने तो निरोप आईला सांगितला. आईने धागे कापायची कात्री हातात धरूनच ऐकून घेतला, आणि तो पुढे कुणाला सांगायची गरज पडली नाही.

त्याच रात्री भाच्याने दुरुस्ती केली, नवी मॅपिंग फाइल तीन ठिकाणी ठेवली, आणि या खेपेला अ‍ॅप आधी आईच्या फोनवर टाकून पाहिलं. बटण दाबलं. अ‍ॅप मिटलं नाही. साड्या, दर, बेरीज, सगळं नीट उमटलं. आक्काने चष्मा वर केला, फोन लांब धरला, जवळ धरला.

‘आपले आकडे कुठे गेले रे?’

घाबरून त्याने सगळीकडेच इंग्रजी केले होते. वाचायच्या ठिकाणी यंत्रासाठी, ते ठीक. पण दाखवायच्या ठिकाणीही. भाचा म्हणाला, पुढच्या व्हर्जनमध्ये बघतो. आक्काने गादीखालून वही काढली, आणि स्क्रीनवरची रक्कम तिथे मराठीत उतरवून घेऊ लागली.