सत्कार : चाळीस जीबी

माझा लॅपटॉप मंदावला तो साहित्याच्या भारानं, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. चहा होऊन कप विसळले जाईपर्यंत पडद्यावर नुसतं गोल फिरत राहायचं. "आत बरंच आहे ना," मी म्हणायचो. पाहुणे आदरानं मान हलवायचे. बायको हलवत नसे.

देवपुरातल्या दुकानातल्या पोरानं मात्र निदान वेगळं केलं. "सर, भार-बिर काही नाही. हार्ड डिस्क म्हातारी झाली. एसएसडी टाका." जुन्या डिस्कमध्ये तबकडी असते, मिनिटाला 5400 फेरे घेते. हवी ती जागा फिरत फिरत वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत ते डोकं वाट बघत बसतं. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, नुसत्या चिप्स. वाट बघणं संपलं.

"किती जीबीची टाकू? काम काय असतं तुमचं?"

मी मान किंचित तिरकी केली. "लेखन."

"मग 256 पण जास्त होईल."

जुनी पाचशेची होती आणि जवळजवळ भरलेली होती. तेव्हा काय ठेवायचं आणि काय नाही, हे ठरवणं आलं. पोरानं सगळे फोल्डर वजनाप्रमाणे लावले आणि भर दुकानात माझं चरित्र पडद्यावर आलं. सगळ्यात वर 'सत्कार', चाळीस जीबी. साठीचा. तीन कॅमेरे होते, शिवाय क्रेन. त्या क्रेननं मंगल कार्यालयात इकडून तिकडे जाऊन मुख्यतः माझं टक्कल टिपलं. त्याखाली 'फोटो निवडक', त्याखाली 'फोटो निवडक इतर'. आणि पार तळाशी, चौदा एमबीचं, 'समग्र साहित्य'.

"सर, हे रिकामंच आहे. उडवू?"

आता बाजू मांडणं भाग होतं. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइटचं. पानात अशी दोन हजार चिन्हं धरली तर पान झालं सहा केबीचं. आपल्या इतिहासाचार्य राजवाड्यांचंच घ्या. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने', बावीस खंड. (राजवाडे आले की मी थांबत नाही, हे देवपुरात सर्वांना माहीत आहे, त्या पोराला नव्हतं.) हा माणूस गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, वाळवी लागलेल्या दप्तरांतून कागद गोळा करत हिंडला. इंग्रजी उत्तम येत असून लिहायचं ते मराठीतच, हा हट्ट. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं आणि पुढं तिथल्या मंडळींशीही बिनसलं. शेवटी आले आपल्या धुळ्यात, 31 डिसेंबर 1926 ला इथंच गेले. पुढच्याच वर्षी पांझरा नदीपलीकडे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ निघालं. तर खंडाला चारशे पानं धरली, तर ते बावीसच्या बावीस खंड किती होतील? पन्नास एमबीच्या आसपास!

पोरानं मोबाइलवर काहीतरी गणित केलं. "म्हणजे सर, तुमच्या तीन तासांच्या सत्कारातले तेरा-चौदा सेकंद."

ते सेकंद मला पाठ आहेत. हातात श्रीफळ आहे आणि ते कुठं ठेवावं हे मी शोधतोय.

एसएसडी बसली. बटण दाबलं आणि मी खाकरेपर्यंत पडदा हजर. पोरानं विंडोज नव्यानं टाकलं होतं, "जुना कचरा कशाला न्यायचा" म्हणून. त्या कचऱ्यात माझे जुने फाँट गेले. युनिकोडच्या आधीचं आपलं मराठी म्हणजे सोंगच होतं. यंत्राच्या लेखी सगळी रोमन अक्षरं, वरून फाँटनं देवनागरीचा अंगरखा चढवलेला. अंगरखा उतरला आणि 1999 सालचे माझे लेख टोप्या-शेपट्यांच्या परदेशी अक्षरांत उघडे पडले. तीनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद वाचणारं माणूस आजही सापडतं. माझा लेख वाचणारं कोणी नाही. तेव्हाही फारसं नव्हतं म्हणा.

त्याचं हसू आलं. पण मग 'आई' नावाची फाइल उघडली.

कानबाईची गाणी होती ती. श्रावणात कानबाई देवी बसायची तेव्हा आई म्हणायची ती, अहिराणीतली. एका दुपारी तिला समोर बसवून मी टाइप केली होती. सारखं अडवत होतो, "हळू म्हण, हळू म्हण," म्हणून ती चिडलेली. आता ती नाही, आणि तिच्या जागी हा सगळा अगम्य बुजबुजाट. मला खरंच राग आला. ज्या कोणी ही भाषा अशी उसन्या अक्षरांवर उभी केली त्यांचा, आणि क्रेनला पैसे देणाऱ्या माणसाचाही. सत्काराला तीन कॅमेरे लावणाऱ्याला आईसमोर साधा टेपरेकॉर्डर ठेवायचं सुचलं नव्हतं.

पोर काही बोललं नाही. जुनी डिस्क त्यानं यूएसबीच्या डबीत घातली, तिच्यातून फाँट शोधून काढला आणि नव्यात टाकला. अक्षरं परत आली. मधल्या एका गाण्यात मात्र ओळी गाळलेल्या दिसल्या. तेव्हा माझा हात मागं पडला असणार.

"माझ्या आजीला येतात ही," म्हणत त्यानं कापडण्याला फोन लावला. मी स्पीकरवर मोठ्यानं गाणं वाचून दाखवलं, थोडं व्यासपीठावरच्या आवाजात.

पलीकडून उत्तर आलं, "भाऊ, तुनी माय काय म्हने ते माले माहीत नही. पन हाई गानं असं नही शे. लिखी ले."

"आजी, जरा हळू सांगा."

"हळू काय? गानं शे ते!"

मी दुकानातल्या स्टुलावर लॅपटॉप मांडीवर ओढला. तोवर आजी दोन ओळी पुढं गेल्या होत्या.