आयता कंपायलर

आयता कंपायलर उतरवून घेणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं. मी माझा स्वतः बांधायचो. म्हणजे मी बिल्डरूट नावाच्या सॉफ्टवेअरला सांगायचो आणि ते बांधायचं. पण चारचौघांत कर्ता मीच. ‘टूलचेन आपण घरीच करतो’ हे वाक्य मी यवत-पुणे गाडीत अशा माणसालाही ऐकवलेलं आहे, ज्याने मला फक्त ‘लोणी गेलं का?’ एवढंच विचारलं होतं.

डेअरीत दुधाची फॅट मोजली की शेजारचा डबा पावती काढतो, तसले डबे आमची कंपनी करते. डब्याच्या पोटात लहानसा लिनक्स. त्याचा प्रोसेसर आर्म, माझ्या कॉम्प्युटरचा इंटेल. त्यामुळे इथे बसून तिथलं बोलणारा कंपायलर लागतो, शिवाय असेंबलर, लिंकर, सी लायब्ररी. ही सगळी वरात म्हणजे टूलचेन. ती घरी करायची तर आधी बिनयूटिल्स, मग अर्धामुर्धा जीसीसी, त्या अर्ध्यामुर्ध्याच्या हातून ग्लिबसी, आणि ग्लिबसी उभी राहिली की तिच्या जिवावर पुन्हा पुरा जीसीसी. कारण लायब्ररीला कंपायलर हवा आणि पुऱ्या कंपायलरला लायब्ररी. हे सांगताना माझा आवाज आपोआप कीर्तनाच्या पट्टीत जातो.

व्यासंगही कमी नव्हता. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकरांनी जीसीसीच्या आत काय चालतं हे उलगडून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या होत्या. त्यांच्या स्लाइड्स मी छापून, बाइंड करून, पाहुण्यांच्या नजरेला पडतील अशा शोकेसमध्ये ठेवल्या आहेत. शोकेसची किल्ली कुठे आहे ते बायकोला माहीत असावं.

यवतला या साधनेत एकच विघ्न. ग्लिबसी संपत आली की लाइट जाते. अशाच एका संध्याकाळी पुण्याहून आमच्या टीममधल्या मुलीचा फोन आला. नुकतीच लागलेली, त्यामुळे अजून खरं बोलते.

‘सर, बूटलिन कंपनीची तयार टूलचेन का घेत नाही आपण? चहा होईस्तोवर उतरते.’

‘आयत्यावर कोयता आपल्या रक्तात नाही.’

‘पण सर, त्यांनीही ती बिल्डरूटनेच बांधलीये. तुमची आणि त्यांची एकच. फक्त त्यांच्याकडे लाइट असते.’

मी गप्प. तिने पुढचं विचारलं, ‘आणि तुमचा जीसीसी तुम्ही कशाने बांधता?’

उबंटूने आयत्या दिलेल्या जीसीसीने. दुसऱ्या कशाने बांधणार? रिचर्ड स्टॉलमननी १९८७ साली जीसीसी पहिल्यांदा बाहेर काढला. सीमध्ये लिहिलेला तो कंपायलरही आधी कुणा दुसऱ्याच्याच कंपायलरमधून निघाला असणार. घरचं, घरचं म्हणत मागे जावं, तर घर लागतच नाही.

आता थोडं गुळाबद्दल. यवत, खुटबाव, केडगाव, पाटस या पट्ट्यात राहून गुळाबद्दल न बोलणं मला जमत नाही, आणि संपादकांनी कापलं तर कापू दे. काकांचं गुऱ्हाळ आहे. लग्नाकार्यात ते ‘घरचा गूळ’ म्हणून ढेप पुढे करतात. जागा त्यांची, ऊस भावकीचा. पण गुऱ्हाळ चालवायला दिलेलं उत्तर प्रदेशातल्या माणसांना, दौंड तालुक्यात इतर बऱ्याच जणांनी दिलंय तसंच. त्यांचा गुळव्या काहिलीपाशी उभा राहिला की मी कामधंदा सोडून बघत बसतो. रस तापला की भेंडीचं पाणी पडतं, मळी वर येते, तो ती झाऱ्याने हळूच ओढून घेतो. हिसका नाही, घाई नाही. मग फेस चढतो, बसतो, रंग उतरतो. पाक ११८ अंशांच्या आसपास तयार होतो म्हणतात. थर्मामीटर मी एकदा हौसेने नेलाही होता. त्याने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, बोटांत गोळी वळली, ताटलीवर टाकली. टण्ण! ‘उतारो.’ चार जणांनी काहील उचलली. माझा थर्मामीटर अजून आकडा ठरवत होता.

काकांच्या वहीत या माणसाच्या नावावर उचल लिहिलेली आहे. नाव: भय्या. त्याच्या आधीचाही भय्याच होता.

अखेर मी बाहेरची टूलचेन लावायला घेतली. बिल्डरूटच्या मेनूत टूलचेनचा प्रकार ‘एक्सटर्नल’ करायचा. यादीतली ओळखीची असेल तर माहिती ते स्वतःच भरतं. पण नुसतं फोल्डर दाखवून ‘ही वापर’ म्हटलं की चौकशी सुरू. जीसीसी कितवा? कर्नलची हेडर्स कुठल्या मालिकेतली? लायब्ररी ग्लिबसी, यूसीलिबसी की मसल? सी प्लस प्लस येतं का? आणि तुमच्या शब्दावर ते विसंबत नाही, आत जाऊन बघतं. हेडर्स ५.४ सांगितली आणि निघाली ४.१९, की काम बंद. काय अपेक्षित होतं, काय सापडलं, ते लिहून दाखवतं. बिल्डरूटच्याच धंद्यातल्या योक्टोने बनवलेली टूलचेन तर दारातूनच परत, कारण ती एकटी येत नाही, आपल्या लायब्रऱ्यांचं खटलं घेऊन येते. सगळं जुळलं की मात्र पाहुणीच्या लायब्रऱ्या डब्यापर्यंत मानाने पोचवतं.

चौकशीला कारण आहे. कंपायलर हार्ड फ्लोटचा, डबा सॉफ्ट फ्लोटचा, असं झालं तर प्रोग्राम डब्यात समोर दिसतो आणि चालवायला गेलं की डबा म्हणतो, ‘सापडत नाही’. सापडत नसतो तो त्याला चढवणारा लोडर, आणि नाव मात्र प्रोग्रामचं घेतलं जातं. नव्या पोरांना मी यात मुद्दाम अडकू देतो. त्या मुलीने लगेच ओळखलं, म्हणून तिला पुन्हा दिलं नाही.

मागच्या हंगामात गुळव्याच्या मनगटावर पाक उडाला. मीच त्याला गाडीवरून दवाखान्यात नेलं. केसपेपर काढणाऱ्या बाईंनी नाव विचारलं. मी काकांना फोन लावला. काका म्हणाले, ‘भय्या सांग की.’ बाई म्हणाल्या, असं चालत नाही. तेवढ्यात मागून धावत आलेल्या त्याच्या पोराने नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, वय सांगितलं. जिल्हा मुझफ्फरनगर, जिथे देशातली गुळाची एक मोठी मंडी आहे. आमच्या तालुक्याचा गूळ हाताळणारा माणूस मी हंगामभर पाहत बसलो होतो. हेडर्सची मालिका मला तोंडपाठ. मला काकांचा राग आला, आणि काकांचा येतोय तोवर बरं होतं.

वहीत आता नाव आहे. ते मी लिहिलं. काका म्हणतात, अक्षर बरं काढ, उचल मोठी आहे.

टूलचेन चालली. लाइट जायच्या आत बिल्ड संपतो, त्यामुळे संध्याकाळी करायला काही उरत नाही. कंपनीच्या कागदात मी ठसठशीत नोंद केली: ‘टूलचेन: बाहेरची. निवड व पडताळणी: अस्मादिक.’

त्या मुलीचा शेरा परत आला. ‘सर, निवड मी केली होती आणि पडताळणी बिल्डरूटने. तुमच्या नावापुढे काय लिहू?’

मी ‘मार्गदर्शन’ असं कळवलंय. अजून उत्तर नाही.