बिअरला ग्लास, वाइनला कारखाना

प्रति,
मा. प्रशासक,
अल्कोहोल अँड टोबॅको टॅक्स अँड ट्रेड ब्यूरो,
अमेरिकेचे अर्थखाते, वॉशिंग्टन.

विषय : गिऱ्हाइकाने घरून आणलेला काचेचा जग वाइनने भरून देण्याबाबत, व न देण्याबाबत.

महोदय,

सर्वप्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. मी ज्या राज्यातून लिहितो आहे, तिथे दारू प्यायची तर कायद्याने परवाना लागतो. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आमच्याकडे अजून ठणठणीत आहे आणि त्याच कायद्याच्या आधाराने सरकार दारूची दुकाने चालवू देते. पिण्याचा परवाना एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आत्मविश्वास दांडगा असेल तर आयुष्यभराचाही मिळतो. जानेवारी २०२२ मध्ये आमच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मान्यता दिली. त्यावर गदारोळ झाला, उपोषणाचे इशारे आले आणि वाइन जिथे होती तिथेच राहिली. अशा घराण्यात वाढलेल्या माणसाला कागदपत्रांच्या कुस्तीत कोणी चीत करील असे वाटले नव्हते. आपण केलेत. म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रकरण साधे आहे. ओरेगॉनमधल्या विल्यामेट खोऱ्यात पिनो न्वार पिकवणारा एखादा छोटा वाइनवाला डोळ्यांपुढे आणा. त्याच्या चाखणीघराच्या भिंतीला नळ आहेत. नळामागे साडेएकोणीस लिटरची स्टीलची टाकी आहे, म्हणजे बरोबर २६ बाटल्यांचा ऐवज. शनिवारी एक बाई येतात आणि काउंटरवर तपकिरी काचेचा, मानेला कडी असलेला, फिरकीच्या झाकणाचा जग ठेवतात. असल्या जगाला तिकडे ग्राउलर म्हणतात. काउंटरवरचा पोऱ्या जग विसळतो, नळाला नळी जोडून ती थेट तळापर्यंत सोडतो, म्हणजे वाइनमध्ये हवा कमी मिसळते. जग मानेपर्यंत भरतो, झाकण आवळतो, पैसे घेतो. बाई घरी जातात. दोन मिनिटांचे काम.

आपल्या लेखी मात्र या दोन मिनिटांत एक औद्योगिक घटना घडलेली असते. वाइन जगात पडली की आपण तिला ‘बाटलीबंद करणे’ म्हणता, आणि बाटलीबंद करायची तर जागा त्या कामासाठी आपल्याकडे नोंदलेली हवी. द्राक्षमळ्यातल्या मूळ वायनरीला तो अधिकार असतो. पण त्याच माणसाने दहा मैलांवरच्या गावात चार खुर्च्या टाकून चाखणीघर काढले, तर तिथला नळ सोडण्याआधी त्याने आपल्याकडे अर्ज करून ‘करभरणा झालेल्या वाइनचे बॉटलिंग हाउस’ म्हणून परवानगी मिळवायची. पोऱ्याला वाटत असते आपण काउंटर पुसतो. प्रत्यक्षात तो कारखाना चालवत असतो! या न्यायाने आमच्याकडे किटलीत अर्धा लिटर म्हैस मापून देणारा प्रत्येक गवळी डेअरीचा चेअरमन ठरेल.

आणि बिअरचे काय? तोच जग, तसाच नळ, तोच पोऱ्या. गिऱ्हाइकाने मागितल्यावर त्याच्यासमोर बिअर भरली, तर आपण मोठ्या मनाने त्या जगाला ‘मोठा ग्लास’ मानता. जग आधीच भरून ठेवला असेल तरच ती बाटली. म्हणजे दोन नळ शेजारी शेजारी असले, तर डावीकडच्या नळाखाली जग हा ग्लास असतो आणि वीतभर उजवीकडे सरकवला की बॉटलिंग प्लँट. द्वैत-अद्वैताच्या वादात आमच्या शास्त्रीपंडितांनी शतके घालवली. आपण तो प्रश्न एका काउंटरवर निकालात काढलात.

आता मापाचे बघू. अमेरिकेत रस्ता मैलांत मोजतात, दूध गॅलनमध्ये आणि माणूस पौंडात. वाइन मात्र १ जानेवारी १९७९ पासून मेट्रिक आहे, कारण आपल्या खात्याच्या पूर्वसूरींनी तसे ठरवले. कोणत्या मापाची बाटली चालेल याची यादीच आहे. जानेवारी २०२५ मध्ये आपण ती सढळ हाताने वाढवलीत. आता ७०० मिलिलिटर चालते, ७२० चालते, अमेरिकी पाइंटाचे ४७३ चालते आणि इंग्लंडातल्या पाइंटाचे ५६८ सुद्धा चालते. १.८ लिटर चालते, २.२५ लिटर चालते. फक्त अमेरिकेतल्या घराघरांत पडून असलेला ६४ औंसांचा जग, म्हणजे सुमारे १.८९ लिटर, तेवढा यादीत नाही. अख्ख्या जगाची मापे आत घेतली आणि घरचा जग बाहेर ठेवला. बिअरला तर केंद्राची अशी यादीच नाही. ती बादलीत भरली तरी आपली झोप मोडत नाही.

राज्यांनी आपापल्या परीने हात सैल केला आहे. ओरेगॉनने २०१३ मध्ये दोन गॅलनपर्यंतच्या झाकणबंद भांड्यात वाइन भरून न्यायला मोकळीक दिली. न्यूयॉर्कने २०१६ मध्ये वायनरींना गिऱ्हाइकाचा जग भरून द्यायची परवानगी दिली, शिवाय अर्धी राहिलेली बाटली घरी न्यायचीही. पण राज्याने दार उघडले तरी उंबरठ्यावर आपण उभेच. ओरेगॉनचे दोन गॅलन म्हणजे साडेसात लिटरांहून थोडे अधिक. आपल्या यादीत चार लिटरांपुढे पूर्ण लिटरच चालतात. सात घ्या, नाहीतर आठ घ्या. मधले अर्धे लिटर बहुधा राज्य आणि केंद्र यांच्या सीमेवर सांडायचे.

उगाच टिंगल करतो आहे असे समजू नका. भरलेल्या बाटलीचा आपल्याला धसका का आहे, हे इतिहासात स्पष्ट आहे. १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे तुमच्या देशात दारूबंदी होती आणि त्या काळात चोरट्या धंद्याने उच्छाद मांडला होता. नामांकित व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या, आत भट्टीचा माल भरायचा आणि लेबलाच्या जोरावर विकायचा. ५ डिसेंबर १९३३ ला बंदी उठली, पण संशय उठला नाही. १९३५ पासून १९६४ पर्यंत कडक दारूच्या प्रत्येक बाटलीच्या काचेतच ठसठशीत अक्षरे ओतलेली असत : ही बाटली विकणे वा पुन्हा वापरणे केंद्रीय कायद्याने निषिद्ध. जुन्या बाटल्या जमवणारे आजही ती अक्षरे बोटाने चाचपून बाटलीचे वय ओळखतात. तो नियम शहाणपणाचा होता. त्याने कर वाचला आणि माणसेही वाचली.

पण महोदय, आमच्या वाइनवाल्याच्या जगात फसवणूक कोण कोणाची करणार? वाइन त्याचीच, नळ त्याचाच, दुकान त्याचेच. गिऱ्हाईक समोर उभे राहून बघते आहे. कर भरलेला आहे. आणि तो कर किती? सोळा टक्क्यांपर्यंतच्या साध्या वाइनवर गॅलनला एक डॉलर सात सेंट, म्हणजे अर्ध्या गॅलनच्या जगामागे साडेत्रेपन्न सेंट, आणि छोट्या उत्पादकाची सवलत धरली तर त्याहून कमी. एवढ्यासाठी परवाना, नोंदवही, दिवसाचा हिशेब, भांड्याचे आकारमान, लेबलाची मंजुरी, नाहीतर ‘फक्त अमुक राज्यात विक्रीसाठी’ असे छापून मंजुरीतून सूट. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तर निदान सुळीचा खर्च तरी वसूल व्हावा.

लेबलावरच्या इशाऱ्याबद्दल मला आदर आहे. १९८९ पासून प्रत्येक बाटलीवर तो असतो. त्याची अक्षरे जगाएवढ्या भांड्यावर किमान दोन मिलिमीटर उंच हवीत आणि पहिले दोन शब्द ठळक. पण हीच वाइन काउंटरवर स्टेमच्या ग्लासात ओतली की त्या ग्लासावर ना इशारा, ना टक्केवारी, ना पत्ता. म्हणजे वाइन पोटात चालली असेल तर माहितीची गरज नाही, घरी चालली असेल तर सगळी कुंडली मांडायची.

नियमच नकोत असे माझे म्हणणे नाही. जग नीट धुतलेला नसेल तर वाइन बिघडते. हवा लागली की चार-दोन दिवसांत तिचा तजेला उतरतो. गेल्या महिन्याच्या शार्दोनेची चिठ्ठी तशीच ठेवून आत पिनो भरली, तर ती फसवणूकच. यावर अवश्य नियम करा, पण वाइनकडे बघून करा. काचेच्या एका रिकाम्या बाटलीचे वजन साधारण अर्धा किलो. ती भट्टीत तापवून घडवायची, ट्रकने आणायची, भरायची, पुन्हा ट्रकने न्यायची आणि एका संध्याकाळनंतर फेकायची. जी बाई तोच जग विसळून परत आणते, ती या फेऱ्यातून थोडी सुटका मागते आहे. इटलीत लोक पाच-पाच लिटरची भांडी घेऊन सुटी वाइन आणायला जातात, आणि त्या देशाने वाइनची अब्रू घालवली असे अजून कोणी म्हटलेले नाही.

तरी पुढील मागण्यांचा सहानुभूतीने विचार व्हावा :

एक. वाइनवाल्याने स्वतःची, कर भरलेली वाइन गिऱ्हाइकासमोर त्याच्या जगात भरून दिली, तर त्या जगाला बिअरप्रमाणेच मोठा ग्लास मानावे.

दोन. मूळ वायनरीचा अधिकार तिच्या गावातल्या चाखणीघरालाही लागू करावा.

तीन. १.८९ लिटरला यादीत जागा द्यावी. एवढ्या पाहुण्यांत घरच्या एकाची दाटी होणार नाही.

चार. जगाच्या मानेला एक चिठ्ठी बांधणे सक्तीचे करावे : वाइन कोणती, कोणाची, किती टक्के, कधी भरली आणि सरकारी इशारा. जुनी चिठ्ठी काढल्याखेरीज नवी वाइन भरू नये.

यातले काहीच जमणार नसेल, तर सध्याच्या नियमांतूनही एक वाट निघते. बाईंना काउंटरवरच अर्ध्या गॅलनचा ग्लास मागवू द्या. तो तिथेच रिकामा करायचा असल्याने त्याला माप लागणार नाही, लेबल लागणार नाही, बॉटलिंग हाउसही लागणार नाही. त्यानंतर गाडी कोण चालवणार, हा प्रश्न आपल्या खात्याचा नाही. तो वाहतूक पोलिसांचा आहे.

कळावे.

आपला नम्र,
परवान्याच्या राज्यातला एक नागरिक

सोबत : एक रिकामा जग. धुतलेला आहे. लेबल नसल्याने टपालखात्याने अडवल्यास क्षमस्व.